घोट्याचे एक हाड : ह्यू फाल्कनर यांचे जीवन

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जीवाश्मशास्त्राच्या राज्यात एकाच माणसाची सत्ता चालत होती. तो म्हणजे पॅरिसचा बॅरन जॉर्ज क्यूव्हिए. एखादे हाड हातात घेऊन त्यावरून संपूर्ण प्राणी उभा करावा तो त्यानेच, अशी त्याची ख्याती होती. पृथ्वीच्या पोटातून निघालेल्या मॅमथ, मॅस्टोडॉन, प्रचंड स्लॉथ अशा नष्ट झालेल्या प्राण्यांची त्याने जगाला ओळख करून दिली. मात्र इतक्या हाडांत एकही हाड माणसाचे नव्हते, आणि माकडाचेही नव्हते. त्यामुळे माणूस आणि माकड हे दोघेही सृष्टीच्या रंगमंचावर अगदी अखेरच्या अंकात आलेले पाहुणे आहेत, असा समज दृढ झाला. १८३२ साली क्यूव्हिए वारला तेव्हाही हा समज अबाधित होता. (गंमत अशी, की ॲडॅपिस नावाच्या ज्या प्राण्याला त्याने १८२१ साली जाड कातडीच्या प्राण्यांत ढकलले होते, तो वानरकुळाचाच एक दूरचा आप्त निघाला. पण हे कळायला आणखी बराच काळ जायचा होता.)

ह्या समजाला ज्या चार-पाच जणांनी तडा दिला, त्यांच्यापैकी एक जण आपल्याच देशात, हिमालयाच्या पायथ्याशी, एका सरकारी बागेचा अधीक्षक होता. त्याचे नाव ह्यू फाल्कनर. पेशाने वैद्य, नेमणुकीने वनस्पतिशास्त्रज्ञ आणि मनाने जीवाश्मवेडा असा हा स्कॉटिश गृहस्थ आज विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असतो. आपण कलाशाखेचे विद्यार्थी. आपल्याला तो ठाऊक असण्याचे कारणच नाही. पण त्याचे आयुष्य शास्त्राइतकेच स्वभावाचेही आहे, आणि स्वभावाची कथा वाचायला प्रयोगशाळेची गरज पडत नाही.

फाल्कनरचा जन्म स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फॉरेस ह्या लहानशा गावी २९ फेब्रुवारी १८०८ रोजी झाला. म्हणजे वाढदिवस चार वर्षांतून एकदा! ॲबर्डीन येथे त्याने १८२६ साली एम. ए. केले आणि १८२९ साली एडिंबरो येथून तो वैद्यकीय पदवीधर झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत त्याची निवड झाली खरी, पण नियमानुसार त्याचे वय काही महिन्यांनी कमी पडत होते. मधला काळ त्याने लंडनमध्ये काढला. तिथे डॉ. नॅथॅनिएल वॉलिक यांच्या हाताखाली हिंदुस्थानातील वाळलेल्या वनस्पतींचे वर्गीकरण करण्यात तो रमला; शिवाय भूविज्ञान संस्थेच्या संग्रहालयात ब्रह्मदेशातून आलेली प्राचीन हाडे त्याने बारकाईने पाहिली. सक्तीची ती प्रतीक्षा त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची तयारी ठरली.

सप्टेंबर १८३० मध्ये तो कलकत्त्यास उतरला. पुढच्या वर्षी त्याची नेमणूक मीरतला झाली. तेथून लंढोऱ्याकडे जाताना वाटेत सहारनपूरला त्याची गाठ डॉ. जॉन फोर्ब्स रॉयल यांच्याशी पडली. रॉयल हे तेथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते. ह्या तरुणाची जाण पाहून ते खूष झाले आणि १८३२ साली रॉयल विलायतेस परतले तेव्हा उद्यानाची सूत्रे चोवीस वर्षांच्या फाल्कनरच्या हाती आली.

सहारनपूरहून उत्तरेकडे पाहिले की शिवालिकच्या टेकड्यांची रांग दिसते. हिमालयासमोर त्या अगदी ठेंगण्या. वाळूचे, चिकणमातीचे आणि गोट्यांचे थर एकावर एक रचून, मग तिरपे करून ठेवावेत अशी त्यांची रचना. फाल्कनरने थर पाहून अंदाज बांधला, की हे सारे अलीकडच्या भूकालातले असावे आणि त्यात प्राण्यांचे अवशेष मिळायला हवेत. त्याच्या ह्या अंदाजाला दुजोरा मिळाला तो एका फार्सी बखरीतून! फिरिश्ता ह्या इतिहासकाराने लिहून ठेवले होते, की चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने एक टेकडी खोदून कालवा काढला तेव्हा हत्तींची आणि राक्षसांएवढ्या माणसांची हाडे सापडली. काही हाडांचा दगड झाला होता. बखरीतली अद्भुत गोष्ट म्हणून दुसऱ्या कोणी ती सोडून दिली असती. फाल्कनरने तिच्यातला राक्षस वगळला आणि हाड तेवढे उचलले.

सुदैवाने त्याला साथीदारही तसाच लाभला. कॅप्टन प्रॉबी कॉटली हा यमुनेच्या कालव्यावरचा इंजिनीअर. पुढे गंगेचा प्रसिद्ध कालवा ज्याने बांधला तो हाच. नाहनच्या राजाकडून एक जीवाश्म दात फाल्कनरच्या हाती आला. लोक त्याला देवाचा नाहीतर दैत्याचा दात समजत. त्या दाताचा माग काढीत फाल्कनर टेकड्यांत शिरला, आणि पहिल्या सहा तासांतच सुमारे तीनशे नमुने घेऊन परतला. मग काय, दोघा मित्रांची शिकारच सुरू झाली. हत्तींचे अनेक प्रकार, पाणघोडे, गेंडे, मगरी, सुसरी, घोडे, उंट; एक अवघे प्राणिसाम्राज्य त्या वाळूच्या थरांतून बाहेर पडू लागले.

पण ही हाडे ओळखायची कशी? जवळ ग्रंथालय नाही, संग्रहालय नाही, विचारायला जाणकार नाही. क्यूव्हिएला पॅरिसमध्ये जे हाताशी होते त्यातले सहारनपूरला काहीच नव्हते. दोघांनी त्यावर साधा उपाय काढला. आसपासच्या रानांत जे प्राणी हिंडत होते त्यांचेच सांगाडे त्यांनी तयार केले. वाघ, रेडा, हरिण, घडियाल, वानर असे सांगाडे मांडून जुने हाड नव्याशेजारी ठेवायचे आणि फरक शोधायचे. परिस्थितीने लादलेल्या ह्या पद्धतीचा एक मोठा फायदा झाला. ते सतत जिवंत आणि मृत यांची तुलना करीत राहिले, आणि त्यांच्या ध्यानात आले, की नष्ट झालेल्या विचित्र प्राण्यांच्या शेजारी काही अवशेष असे आहेत की जे आजच्या घडियालापासून वेगळे काढता येत नाहीत. म्हणजे जुनी सृष्टी एका प्रलयात समूळ बुडाली आणि नवी सृष्टी कोरी करकरीत अवतरली, हे चित्र इथे जुळत नव्हते. कालचे आणि आजचे एकमेकांत मिसळलेले होते.

ह्याच ढिगाऱ्यात त्यांना एक लहानसे हाड मिळाले. ते होते घोट्याचे, नडगीच्या खाली बसणारे. त्यांनी ते आपल्याकडच्या वानराच्या त्याच हाडाशेजारी ठेवले. आकार जवळजवळ तोच, घडणही तीच. शंकेला जागाच नव्हती. आजवर कुणालाच न मिळालेला माकडाचा जीवाश्म त्यांच्या तळहातावर होता!

आणि इथे फाल्कनरचा स्वभाव आडवा आला. घोट्याच्या एका हाडावर एवढा मोठा दावा कसा करायचा? दात मिळू दे, जबडा मिळू दे, मग जगाला सांगू, असे ठरवून दोघे थांबले. तेवढ्यात नोव्हेंबर १८३६ मध्ये दादूपूर येथील बेकर आणि ड्युरँड ह्या दोघा लष्करी इंजिनीअरांनी शिवालिकमध्येच मिळालेल्या एका मोठ्या माकडाच्या वरच्या जबड्याचे वर्णन प्रसिद्ध केले. (ह्यातला ड्युरँड म्हणजे १८५७ साली इंदूरला होळकर दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी असलेला तोच.) पहिलेपणाचा मान गेला. फाल्कनर आणि कॉटली यांनी १८३७ साली आपले घोट्याचे हाड आणि नंतर मिळालेले जबड्याचे तुकडे जाहीर केले, पण त्यात तक्रारीचा सूर नव्हता. त्याच सुमारास फ्रान्समध्ये एदुआर लार्ते याला साँसाँ येथे एका कपीचा जबडा मिळाला, आणि ब्राझीलच्या गुहांत पीटर लुंड ह्या डॅनिश संशोधकाला तिथल्या प्रचंड माकडाची हाडे सापडली. ज्या जीवाश्माची शास्त्रज्ञ कित्येक वर्षे वाट पाहत होते, तो दोन वर्षांच्या आत तीन खंडांत हाती लागला.

हे शिवालिकचे माकड कोण होते? त्याचे नाते कुणाशी? हे समजायला आपल्याकडचाच एक भेद उपयोगी पडतो. आपल्या खेड्यातले पोरही माकड आणि वानर यांत घोटाळा करीत नाही. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे, झाडपाला खाणारे ते वानर. तांबूस तोंडाचे, हातातले फुटाणे हिसकावून गालात कोंबणारे ते माकड. शास्त्राने जुन्या जगातील माकडांचे जे दोन उपकुल पाडले आहेत ते थेट ह्याच रेषेवर. वानराच्या उपकुलात पाला पचवणारे अनेक कप्प्यांचे जठर आहे. माकडाच्या उपकुलात गालाच्या पिशव्या आहेत, आणि आफ्रिकेतील बबून ह्याच दुसऱ्या शाखेतला. दोन्ही उपकुलांच्या दाढांवर दोन आडवे कंगोरे असतात. त्यावरून त्यांचा पूर्वज एक, हे कळते. कंगोऱ्यांची उंची आणि धार पाहून मग शाखा ओळखावी लागते.

बेकर-ड्युरँड यांच्या जबड्याला १८४८ साली जर्मन शास्त्रज्ञ फॉन मेयर याने नाव दिले ते वानराच्या प्रजातीत घालून, सबहिमालयानस म्हणजे हिमालयाच्या पायथ्याचे असे. पुढे १९२४ साली श्लोसर याने चीनमधील जीवाश्मांवरून प्रोसायनोसेफॅलस ही नवी प्रजाती स्थापली, आणि शिवालिकचे हे मोठे माकडही तिच्यात गेले. म्हणजे पहिल्या बारशाला ज्याला वानर म्हटले, ते प्रत्यक्षात माकड-बबून शाखेचे निघाले! युरोपपासून मध्य आशियापर्यंत सापडणारा पॅराडोलिकोपिथेकस हा त्याचा सख्खा शेजारी. ही माकडे अंगाने थोराड, तोंडाने लांबट आणि झाडांपेक्षा जमिनीवर अधिक वावरणारी होती. रूपाने ती बबूनसारखी वाटतात. परंतु कवटीची घडण पाहता ती आपल्या आशियाई माकडांच्या कुळातलीच असून जमिनीवरच्या राहणीमुळे त्यांना बबूनचा तोंडवळा आला, असे अनेक अभ्यासक मानतात. बबूनशी थेट नाते सांगणारेही आहेत, आणि वाद पुरता मिटलेला नाही. सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वीच्या आणि त्यानंतरच्या शिवालिकच्या वरच्या थरांत त्यांचा वावर होता. आज त्यांचा वंश उरलेला नाही. वानराच्या शाखेचे अवशेषही शिवालिकमध्ये मिळाले आहेत. त्यामुळे घोट्याचे ते हाड वानराशेजारी ठेवताना फाल्कनर ज्या दिशेने पाहत होता ती चुकीची नव्हती.

इकडे कीर्ती दाराशी आली होती. चार शिंगांच्या, जिराफाच्या कुळातील एका अवाढव्य प्राण्याला दोघा मित्रांनी १८३६ साली शिवथेरियम असे नाव दिले, शिवालिकच्या शिवावरून. एका महाकाय कासवाचे वर्णन करताना फाल्कनरला आपल्या पुराणांतला कूर्म आणि गरुडाने उचलून नेलेल्या गज-कच्छपांची कथा आठवली. अशी कासवे आदिमानवाने पाहिली असतील काय, असा प्रश्न त्याने उघडपणे विचारला. (कासवाच्या आकाराचा त्याचा अंदाज फुगलेला होता, आज त्याच्या पाठीची लांबी सुमारे दोन मीटर मानतात. तेही काही थोडे नव्हे!) १८३७ साली लंडनच्या भूविज्ञान संस्थेने फाल्कनर आणि कॉटली यांना वोलॅस्टन पदक दिले. फाल्कनर तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता.

सरकारी काम त्याने कधी टाळले नाही. हिमालयाच्या उतारांवर चहा पिकेल असा सल्ला देणाऱ्यांत तो होता आणि तिथल्या पहिल्या लागवडी त्याच्या देखरेखीखाली झाल्या. १८३७-३८ मध्ये तो काश्मीर आणि बाल्टिस्तानातील हिमनद्यांपर्यंत फिरला. ज्या हिंगाशिवाय आपली फोडणी होत नाही, त्या हिंगाचे झाड त्याने अस्तोरच्या खोऱ्यात उगवलेले पाहून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आयुर्वेदातले कुष्ठ, म्हणजे बाजारात मिळणारे उपळेट, काश्मीरच्या कोणत्या वनस्पतीचे मूळ आहे तेही त्यानेच निश्चित केले.

ह्या भटकंतीने प्रकृती ढासळली. १८४२ साली तो रजेवर विलायतेस गेला. बरोबर वाळलेल्या वनस्पतींच्या सत्तर मोठ्या पेट्या आणि जीवाश्मांची अठ्ठेचाळीस खोकी, वजन पाच टन! कॉटलीनेही आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. आता ह्या साऱ्याचा एक महाग्रंथ व्हायचा होता. फॉना अँटिक्वा सिव्हॅलेन्सिस, अर्थात शिवालिकची प्राचीन प्राणिसृष्टी, हे त्याचे नाव. १८४५ नंतरच्या चार वर्षांत फोर्ड ह्या कुशल चित्रकाराने काढलेले १०७ चित्रपट नऊ भागांत प्रसिद्ध झाले. पण मजकूर? त्याचा एकच भाग निघाला. प्रत्येक विधान पुन्हा पडताळायचे, प्रत्येक दाताची आणखी एका दाताशी तुलना करायची, ह्यात रजा संपली. १८४८ च्या सुमारास त्याला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक आणि वैद्यकीय महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक म्हणून परतावे लागले. तेनासरीमची सागवानी जंगले, हिंदुस्थानात सिंकोना लावण्याची शिफारस अशा कामांत सात वर्षे गेली. चित्रे छापून तयार होती आणि त्यांचा अर्थ एका माणसाच्या डोक्यात होता.

१८५५ साली निवृत्त होऊन तो युरोपात परतला, तो थेट गुहांत शिरला. १८५८ साली इंग्लंडमधील ब्रिक्सम येथील गुहेचे पद्धतशीर उत्खनन व्हावे म्हणून त्यानेच पुढाकार घेतला. तिथे नष्ट झालेल्या प्राण्यांच्या हाडांबरोबर गारगोटीची हत्यारे मिळाली. त्याच वर्षी त्याने फ्रान्समधील ॲबव्हील येथे बूशे द पर्थ यांचा संग्रह पाहिला. ह्या वृद्ध गृहस्थाची तोवर बहुतेकांनी थट्टाच केली होती. फाल्कनरने आपला मित्र प्रेस्टविच याला तिथे जाण्याचा आग्रह केला आणि १८५९ साली माणसाचे प्राचीनत्व विद्वानांनी मान्य केले. ज्या प्रश्नाची सुरुवात त्याच्यापुरती एका माकडाच्या घोट्यापासून झाली होती, तो आता माणसापर्यंत येऊन ठेपला होता.

तरीही त्याचा काटेकोरपणा ढळला नाही. १८६३ साली ॲबव्हीलजवळच्या मूलाँ-किन्याँ येथे मानवी जबडा सापडल्याची बातमी आली. फाल्कनर धावत गेला, प्रथम प्रभावितही झाला. परंतु बरोबर आणलेला एक दात लंडनमध्ये कापून पाहिला, तो ताजा होता! आपल्याच बाजूला बळ देणारा पुरावा त्याने जाहीरपणे संशयास्पद ठरवला. फ्रेंच मंडळींशी त्यावरून मोठा वाद झाला. कालांतराने त्याचीच शंका खरी ठरली. खाणीतल्या मजुरांनी बक्षिसाच्या आशेने तो जबडा तिथे पुरला होता, असे आज मानले जाते.

चार्ल्स डार्विनशी त्याची जुनी मैत्री होती. १८५९ साली ओरिजिन ऑफ स्पीशीज प्रसिद्ध झाले तेव्हा जाती बदलत नाहीत असे मानणाऱ्या थोर जीवाश्मशास्त्रज्ञांच्या यादीत डार्विनने फाल्कनरचेही नाव घातले होते. पण फाल्कनर हट्टाला पेटणारा नव्हता. हत्तींच्या दाढांचा त्याच्याइतका अभ्यास त्या काळी कुणी केला नव्हता. मॅस्टोडॉनपासून मॅमथपर्यंत कंगोऱ्यांची संख्या कशी वाढत जाते ते त्याने दाखवले होते, आणि मधल्या दुव्याला स्टेगोडॉन हे नाव त्यानेच दिले. १८६३ च्या आपल्या लेखात त्याने जाती एकमेकींपासून उपजल्या हे मान्य केले. मात्र हिमयुगाच्या एवढ्या उलथापालथीतही मॅमथची दाढ जवळजवळ तशीच राहिली, मग केवळ नैसर्गिक निवडीने सारे कसे उलगडते, असा प्रश्नही विचारला. जाती दीर्घकाळ स्थिर राहतात आणि बदलाचा काळ त्या मानाने थोडा असतो, हा विचार पुढे १८६६ च्या आवृत्तीत डार्विनने स्वतःही मांडला.

ह्या मतभेदाच्या पार्श्वभूमीवर १८६४ सालची घटना पाहावी. रॉयल सोसायटीचे कॉपली पदक डार्विनला मिळावे म्हणून जॉर्ज बस्क याने सूचना मांडली आणि फाल्कनरने तिला अनुमोदन दिले. दोघे तेव्हा जिब्राल्टरच्या गुहांचा अभ्यास करून परतत होते. वाटेत गाड्या बंद पडल्या, प्रवास रखडला. बस्क पुढे गेला. फाल्कनरला सभेस पोहोचणे अशक्य झाले, तेव्हा फ्रान्समधील माँतोबाँ गावी बसून २५ ऑक्टोबर रोजी त्याने सोसायटीच्या चिटणीसांना सविस्तर पत्र लिहिले. भूविज्ञानात, प्राणिशास्त्रात, वनस्पतिशास्त्रात डार्विनने काय केले ह्याचा त्यात हिशेब होता. आणि स्वतःला सर्वस्वी न पटलेल्या ग्रंथाचीही थोरवी त्याने मोकळेपणाने मांडली होती. पदक डार्विनला मिळाले. फाल्कनर मात्र त्या हिवाळ्यात आजारी पडला. संधिवाताने आधीच दुबळे झालेले हृदय टिकले नाही. ३१ जानेवारी १८६५ रोजी, सत्तावन्नाव्या वर्षी, लंडनमध्ये त्याचा अंत झाला. तो अविवाहित होता.

त्याच्याबरोबर काय गेले ह्याची कल्पना मागे राहिलेल्यांना कागद चाळताना आली. टिपणे होती, मोजमापे होती, अर्धवट निबंध होते. पण त्यांना जोडणारा धागा त्याच्या स्मरणातच होता. डॉ. चार्ल्स मर्चिसन याने ते कागद जुळवून १८६८ साली दोन खंड प्रसिद्ध केले. फॉरेस गावी १८७१ साली फाल्कनर बंधूंच्या देणगीतून त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले. शिवालिकच्या माकडांची नावे इतरांनी ठेवली, मोडली आणि पुन्हा ठेवली.

लिहिण्याच्या बाबतीत तो चुकला काय? निष्कर्ष हातचे राखून ठेवल्याने पहिलेपण गेले, महाग्रंथ अपुरा राहिला, हे खरेच आहे. ज्ञान कागदावर उतरले नाही तर ते माणसाबरोबर चितेवर जाते, हा धडा परीक्षेच्या आदल्या रात्री टिपणे काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी घेण्याजोगा आहे. पण त्याच संकोचाने त्याला खोट्या जबड्यापासून वाचवले आणि त्याच निःस्पृहतेने त्याला मतभेद असलेल्या मित्राचा वकील केले, हेही विसरता येत नाही. एका गुणाचे हे दोन हात होते. एक ठेवून दुसरा तोडता आला नसता.

आपल्या महाराष्ट्रातही त्याची एक खूण आहे. नर्मदेच्या खोऱ्यातील ज्या भव्य प्राचीन हत्तीला फाल्कनर आणि कॉटली यांनी नमाडिकस हे नाव दिले, त्याच हत्तीची कवटी विसाव्या शतकाच्या आरंभी नाशिक जिल्ह्यात नांदूर-मधमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळात मिळाली. पिल्ग्रिम ह्या भूशास्त्रज्ञाने ती पाहताच ओळखली, कारण दाढांचे कंगोरे कसे मोजायचे ते फाल्कनरने शिकवून ठेवले होते.